माणसांच्या साच्यातून एल्फांचे नगर

आमच्या मंडळात दर पंधरवड्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवण्याचा खेळ, चालतो आणि गेली काही वर्षे गेम मास्टरची, म्हणजे गोष्टीचे जग रचून खेळ चालवणाऱ्याची, खुर्ची माझ्याकडे आहे. पुढच्या टप्प्यात खेळाडू एल्फांच्या, म्हणजे पाश्चात्त्य कल्पितकथांतल्या दीर्घायुषी अरण्यवासी लोकांच्या, एका नगरात पोहोचणार होते. नगराचे नाव ठरले होते, ओलसावली. ते जुन्या अरण्यात संथ नदीच्या काठी वसले आहे, तिथला सर्वांत तरुण रहिवासी दीडशे वर्षांचा आहे आणि तिथे अनोळखी माणसाला कोणी हटकत नाही, पण विसरतही नाही, एवढा मजकूर वहीत होता. नकाशा मात्र नव्हता. चित्रकलेत माझा हात इतका कच्चा आहे की मी काढलेल्या नदीवरून खेळाडू बिनदिक्कत घोडे हाकतात, कारण त्यांना ती सडक वाटते. त्यामुळे मी काल्पनिक शहरांचे नकाशे आपोआप काढून देणाऱ्या ‘मेडिव्हल फँटसी सिटी जनरेटर’ या साधनाचा आधार घेतला. महिनाभराच्या वापरानंतरचे हे परीक्षण केवळ एका प्रश्नापुरते आहे: या साधनातून एल्फांचे नगर निघते का?

हे साधन वाटाबू या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने तयार केले आहे. ‘पिक्सेल डंजन’ हा २०१२ सालचा गाजलेला मोबाइल गेमही त्याचाच. सिटी जनरेटर २०१७ मध्ये आला आणि त्यानंतर त्यात पुष्कळ भर पडत गेली. ते ब्राउझरमध्ये चालते आणि मोफत आहे. पान उघडताच एक संपूर्ण शहर समोर येते: तट, वेशी, चौक, गढी, आणि त्यांच्यामध्ये खचाखच भरलेली शेकडो लहान घरे. पसंत पडले नाही तर दुसरे मागावे. ते क्षणार्धात तयार होते. उजवे क्लिक केल्यावर जो मेनू उघडतो त्यात नदी, समुद्रकिनारा, तट, गढी, मंदिर, चौक, तटाबाहेरची झोपडवस्ती, शेते आणि हिरवळ यांपैकी काय हवे आणि काय नको ते ठरवता येते, रंगसंगती बदलता येते आणि शहराचे नावही आपल्या मनासारखे ठेवता येते. शहराचा आकार, त्याचा सीड म्हणजे मूळ आकडा आणि निवडलेले पर्याय हे सारे पत्त्याच्या दुव्यातच नोंदलेले असते, त्यामुळे दुवा जपून ठेवला की शहर जपले गेले. मी हा धडा तिसऱ्या दिवशी शिकलो. त्याआधीची दोन अतिशय देखणी शहरे मी स्वतःच्या निष्काळजीपणाने कायमची गमावली होती, आणि त्यांपैकी एकाची नदी आजही आठवते.

हे शहर इतके खरे का वाटते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. जनरेटरच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीचा सोर्स कोड वाटाबूने सर्वांसाठी खुला केला आहे, आणि प्रोग्रामिंगची थोडी जाण असलेल्या कोणालाही तो वाचण्याचा आग्रह करावा असे वाटते. प्रथम सर्पिलाकार पसरलेले बिंदू टाकले जातात आणि त्यांच्याभोवती व्होरोनॉय पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जागा तिला सर्वांत जवळ असलेल्या बिंदूच्या वाट्याला देऊन, जमिनीचे बहुकोनी तुकडे पाडले जातात. मधले तुकडे शहराचे, बाहेरचे रानाचे. शहराच्या तुकड्यांभोवती तट चढतो, तटात वेशी पडतात आणि वेशीपासून चौकापर्यंत जवळचा मार्ग शोधून रस्ते आखले जातात. मग पेठांची वाटणी होते, आणि खरी गंमत इथे आहे. व्यापारी पेठ शक्य तितकी मध्यभागी सरकते. मंदिर चौकाकडे तोंड करून बसायला पाहते. शिपायांची वस्ती गढीला किंवा तटाला चिकटते. गरिबांची वस्ती मध्यापासून जितकी दूर ढकलता येईल तितकी दूर जाते. उमरावांच्या पेठेला शेजारी बाग हवी असते आणि गरीब वस्ती नको असते. दोन-चार ओळींच्या अशा नियमांतून जे शहर तयार होते, त्याच्याकडे पाहताना कोण कोणाला टाळून राहतो हे न सांगता कळते. अनेक छापील नकाशांत हा गुण मला सापडलेला नाही.

पण हे नियम नीट वाचले की लक्षात येते की त्यांतील प्रत्येकामागे माणसाची एखादी अडचण आहे. तट शत्रूच्या भीतीने बांधला जातो. तट महाग असतो, म्हणून आतली जागा महाग होते आणि घरे एकमेकांना खेटतात. जवळचा रस्ता त्याला हवा, ज्याला संध्याकाळच्या आत माल विकून परतायचे आहे. ज्या लोकांना सातशे वर्षे आयुष्य आहे, ज्यांची संख्या हळूहळू वाढते किंवा वाढतच नाही आणि ज्यांना पुढची दोनशे वर्षे कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, त्यांच्या नगरात यांपैकी कोणता नियम टिकेल?

मी प्रयोग करून पाहिला. तट काढला, गढी काढली, झोपडवस्ती आणि मंदिर काढले, नदी ठेवली, हिरवळ चालू केली, रंगसंगती हिरवट केली आणि वर ‘ओलसावली’ हे नाव दिले. समोर आले ते हिरव्या शाईत छापलेले एक बाजारगाव. तट गेला तरी तटाच्या आतली दाटी तशीच राहिली होती, जशी कमरपट्टा सोडल्यावरही अंगावर त्याची खूण राहते. हिरवळीबाबत खुल्या आवृत्तीतील एक तपशील मला फार बोलका वाटला: तिथे बागसुद्धा चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषांनी कापूनच तयार होते. झाडे जिथे आधीपासून आहेत आणि घरांनी त्यांच्यामधून वाट काढायची आहे, ही कल्पना या साधनाच्या पायातच नाही. तसे आश्वासनही ते देत नाही. नावात ‘मेडिव्हल’, म्हणजे मध्ययुगीन, हा शब्द पहिला आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळलेला आहे.

त्या हिरव्या बाजारगावात नदीच्या वळणाजवळ एक घर होते. दोन गल्ल्या जिथे टोकदार कोन करून भेटतात, तिथल्या कोपऱ्यात उरलेला तो एक त्रिकोणी तुकडा होता. त्याची रुंद बाजू फार तर एका दारापुरती, आणि मागे ते निमुळते होत जाऊन जवळजवळ सुईच्या अग्रासारखे संपत होते. अशी घरे प्रत्येक शहरात सापडतात, कारण जनरेटर पेठेच्या तुकड्याची सर्वांत लांब बाजू शोधून तिथे छेद देतो, मग मिळालेल्या भागांना पुन्हा छेद देतो, आणि तुकडे ठरावीक मापाहून लहान होईपर्यंत हे चालू राहते. जमीन वाटून घेणाऱ्या भावंडांची रीतही यापेक्षा फार वेगळी नसते. माणसांच्या शहरात ते पाचरीसारखे घर अगदी खरे वाटते. तिथे एखादा चांभार दुकान थाटेल आणि पाय दारात ठेवून झोपेल. एल्फाने मात्र जमिनीचा असा तुकडा पाडलाच का असता, हे मला कितीही विचार केला तरी सुचेना.

मराठीत एल्फाला नेमका शब्द नाही. यक्ष म्हटले की ठेव्याची राखण आठवते आणि गंधर्व म्हटले की गाणे. गंधर्वनगर हा शब्द आपल्याकडे आहे खरा, पण त्याचा अर्थ आकाशात भासणारे, नसलेले शहर. नकाशाकाराला त्याचा उपयोग शून्य, तरीही त्या शब्दाने मला एक दिशा दाखवली: जिथे शहर आहे आणि तरी उभे राहून पाहिले तर दिसत नाही, अशी जागा कशी असेल? प्रत्यक्ष इतिहासात याच्या जवळ जाणारी उदाहरणे आहेत. कंबोडियातील अंगकोरचा पसारा, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशानुसार, सुमारे १,००० चौरस किलोमीटरचा होता. मंदिरांच्या आवारांपलीकडे घरांचे उंचवटे, तळी आणि भातखाचरे दूरवर विखुरलेली होती, आणि पुढे रानाने त्यातले इतके झाकून टाकले की २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी मोजणी केली तेव्हा झाडोऱ्याखालच्या रस्त्यांच्या आणि वस्तीच्या रेषा स्पष्ट झाल्या. ग्वाटेमालातील माया लोकांचे तिकालही असेच, घरांच्या समूहांमध्ये मोकळी जमीन ठेवून पसरलेले. एल्फांच्या नगराचा सांगाडा युरोपातील तटबंद शहरापेक्षा इथे शोधावा, असे माझे ठाम मत झाले आहे. जनरेटरमध्ये तशी विरळ वस्ती मागण्याची सोय मला सापडली नाही. वाटाबूचाच स्वतंत्र व्हिलेज जनरेटर विरळ घरे देतो, पण ती खेड्याची विरळता आहे. तिच्यात नगराचा दबदबा येत नाही.

इथपर्यंत वाचून हे साधन एल्फांच्या कामाचे नाही असे कोणाला वाटेल, आणि मीही त्याच निष्कर्षापाशी थांबणार होतो. परंतु नकाशा बाहेर काढण्याच्या सोयी चांगल्या आहेत. साधे चित्र हवे तर पीएनजी, रेषा बदलायच्या असतील तर एसव्हीजी, आणि दुसऱ्या प्रोग्रामला माहिती पुरवायची असेल तर जेसन. तयार नकाशा हवा तसा वापरावा, बदलावा, विक्रीच्या पुस्तकातही घालावा अशी निर्मात्याची मुभा आहे. श्रेय दिले तर त्याला आनंद आहे, सक्ती नाही. शहराच्या रेषा ओढून-ताणून वाकवण्याचे ‘वार्प’ नावाचे साधनही आतच आहे. त्याने मी नदीचे वळण मोठे केले, पण घरांची दाटी कमी होईना. शेवटी वैतागून एसव्हीजी फाइल चित्र-संपादकात उघडली, घरांच्या आकृत्यांचा गठ्ठा सोडवला आणि एकेक घर पुसायला लागलो.

तासाभरात तीनपैकी दोन घरे गेली होती. रस्ते मी तसेच ठेवले. आणि नकाशा एकदम बदलला. गल्ल्या आता रिकाम्या जागांना वळसे घालत होत्या, जणू जे तिथे नाही त्याचा मान राखून चालत होत्या. चौक सगळ्या बाजूंनी उघडा पडला. ज्या घरांच्या ओळीतली मधली आठ घरे गेली, त्या ओळीच्या दोन टोकांना उरलेली दोन घरे एकमेकांकडे पाहत असल्यासारखी दिसू लागली. रिकाम्या तुकड्यांत मी हाताने झाडे काढली, आणि झाडे मला बऱ्यापैकी जमतात. हे कोणी हिरव्या शाईत छापलेले बाजारगाव म्हणाले नसते. इथे कधीकाळी पुष्कळ लोक राहत होते, बरेचसे निघून गेले, आणि जे राहिले त्यांनी शेजाऱ्याची जागा भरून काढण्याची घाई केली नाही. शून्यातून असा नकाशा काढायला मी बसलो असतो, तर रस्ते त्या वळशांनी गेलेच नसते. आधी ती घरे खरोखर असावी लागली.

त्यामुळे माझी शिफारस थोडी वाकडी आहे. भरभराटीतले एल्फ-नगर हवे असेल तर या साधनाने वेळ वाया जाईल. कोरा कागद आणि पेन्सिल बरी. उतरत्या काळातले हवे असेल, तर आधी माणसांचे गजबजलेले शहर तयार करून घ्यावे आणि मग ते धीराने रिकामे करत जावे. अरण्याच्या सीमेवर माणसांसाठी बांधलेला पाहुणपुरा हवा असेल, तर काहीच पुसू नये, जनरेटर जे देतो ते जसेच्या तसे घ्यावे. पेठांना आपोआप मिळणारी इंग्रजी नावे मी काढून टाकली आणि मराठी नावे चित्र-संपादकातच घातली. ते काम किचकट आहे, पण ‘वाटवळण’ आणि ‘जुना उतार’ ही नावे लिहिल्यावर नगर आपले वाटू लागते.

सत्राच्या दिवशी नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मी काहीही सांगितले नव्हते. थोडा वेळ सगळे वाकून पाहत राहिले आणि मग एकाने विचारले, “बाकीचे कुठे गेले?” माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी पाच मिनिटांची सुटी जाहीर केली. नदीच्या वळणाजवळचे ते पाचरीसारखे घर मी पुसले नव्हते, खरे तर पुसायला हात धजला नव्हता. जिचे पात्र तीनशे बारा वर्षांची तिरंदाज आहे अशा खेळाडूने सुटीत ते हेरले आणि ते आपल्या मावशीचे घर असल्याचे परस्पर जाहीर करून टाकले. मावशी त्या घरात झोपते कशी, यावर आमच्यात तीन सत्रे वाद चालू आहे.