डॉक्युसॉरसवरचं हेल्प डॉक्युमेंटेशन गूगलवर सापडतं का? सात महिन्यांच्या वापरानंतर

डॉक्युसॉरस 3 (मजकुराच्या फायलींपासून हेल्पची वेबसाइट बनवणारं साधन) आणि गूगल सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते दाखवणारी सेवा) ही जोडी सात महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालंय: साधन उत्तम आहे, पण आवृत्त्यांचा बंदोबस्त आधी केला नाही तर अडलेला माणूस हमखास चुकीच्या पानावर पोचतो.

पाया भक्कम आहे. बिल्डमध्ये (साइट तयार करताना) प्रत्येक पान तयार एचटीएमएल म्हणून निघतं, क्लासिक प्रीसेट (तयार मांडणी) साइटमॅपही, म्हणजे सर्च इंजिनसाठीची पानांची यादी, बनवतो. फक्त कॉन्फिगमधल्या ‘यूआरएल’मध्ये खरा डोमेन हवा. चाचणी सर्व्हरचा पत्ता तिथे राहिला तर साइटमॅप आणि कॅनॉनिकल (पानाचा मूळ पत्ता कोणता, हे सांगणारा टॅग) दोन्ही भलतीकडे बोट दाखवतात.

खरी डोकेदुखी आवृत्त्यांची. चालू आवृत्ती ‘डॉक्स’खाली, जुनी ‘डॉक्स/1.4’खाली, येऊ घातलेली ‘डॉक्स/नेक्स्ट’खाली. मजकूर जवळजवळ तोच आणि प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच. जुन्या पानाकडे बाहेरून बऱ्याच लिंका आलेल्या असल्या की शोधात तेच वर राहतं आणि वाचणारा आता नसलेलं बटण शोधत बसतो. डॉक्स प्लगइनच्या ‘व्हर्जन्स’मध्ये जुन्या आवृत्तीला आणि नेक्स्टला (तिथे तिचं नाव ‘करंट’) ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) ट्रू करा. मग बिल्डमधलं एखादं जुनं पान उघडून सोर्समध्ये मेटा टॅग आलाय का ते बघा. ही पानं साइटमॅपमधूनही गळतात. घोळ होतो तो पुढे: त्याच वेळी रोबोट्स.टीएक्सटीमध्येही (कुठली पानं उघडायची नाहीत ते सांगणारी फाइल) जुना फोल्डर बंद केला जातो. मग क्रॉलर (पानं वाचत फिरणारा सर्च इंजिनचा प्रोग्राम) पान उघडतच नाही, त्याला नोइंडेक्स दिसत नाही आणि जुना पत्ता निकालात लटकत राहतो. दोन्हींपैकी नोइंडेक्सच ठेवा.

कॉन्फिगमधला ‘ट्रेलिंगस्लॅश’ (पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी का, ते ठरवणारा पर्याय) रिकामा सोडू नका. गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट होस्टिंग सेवा) शेवटच्या तिरक्या रेघेवरून रीडायरेक्ट होतो आणि कॅनॉनिकल वेगळंच सांगतो. पानाचा पत्ता बदलला तर सर्व्हरवर 301 (कायमचा रीडायरेक्ट) लावा; ते हातात नसेल तर क्लायंट रीडायरेक्ट्स प्लगइन चालतं, पण फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये, त्यामुळे लोकल डेव्ह सर्व्हरवर तपासून उपयोग नाही. टॅब्जना ‘लेझी’ लावलं तर फक्त पहिल्यापासून उघडा असलेला टॅबच एचटीएमएलमध्ये येतो. लिनक्सच्या सूचना दुसऱ्या टॅबमध्ये असतील तर त्या सर्चपुरत्या नाहीतच.

सगळ्यात जास्त फरक मात्र शीर्षकांनी पडतो. ‘नेटवर्क सेटिंग्ज’ असं कोणी शोधत नाही. लोक स्क्रीनवरची एरर जशीच्या तशी चिकटवतात. म्हणून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड: पोर्ट 5432 वर डेटाबेस जोडला जात नाही’ असं शीर्षक द्या. एररचे शब्द सॉफ्टवेअर दाखवतं तसेच, त्याच लिपीत ठेवा, आणि स्क्रीनशॉट असला तरी मजकुरातही लिहा. त्याखाली पहिल्या दोन ओळींत कारण (पोस्टग्रेस हा डेटाबेस चालूच नाही, किंवा चुकीच्या पत्त्यावर ऐकतंय) आणि लगेच तपासायची कमांड. एका पानावर एकच अडचण. बारा एरर एकाच ‘ट्रबलशूटिंग’ पानात कोंबल्या की त्या पानाला धड एकाही शोधात जागा मिळत नाही. फ्रंट मॅटरमध्ये (फाइलच्या सुरुवातीची माहिती) ‘डिस्क्रिप्शन’ हाताने लिहा, नाहीतर पहिलंच वाक्य उचललं जातं आणि ते बहुधा ‘या विभागात आपण पाहू’ असलं निरुपयोगी असतं.

शब्द कुठून आणायचे? सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समध्ये पानाचा फिल्टर ‘/डॉक्स/’ लावा, क्वेरीज उघडा, इंप्रेशन (निकालात दिसण्याची संख्या) जास्त पण क्लिक नगण्य अशा ओळी काढा. त्यात वापरणाऱ्यांची भाषा असते. शीर्षक बदलल्यावर यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्सिंग मागा आणि निदान दोन-तीन आठवडे त्या पानाला हात लावू नका. आकडेवारी 16 महिनेच टिकते, म्हणून दर महिन्याला उतरवून ठेवा.

मराठीत हेल्प लिहिणाऱ्यांनी प्रत्येक उपशीर्षकाला महिरपी कंसात हॅश देऊन रोमन आयडी (लिंकमध्ये त्या उपशीर्षकाची खूण) स्वतः द्यावा. नाहीतर आयडी देवनागरीतच बनतो आणि लिंक कॉपी केली की एकेका अक्षरचिन्हाची टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ अक्षरं होतात. सपोर्टच्या चॅटमध्ये अशी लांबलचक लिंक मध्येच तुटते आणि ग्राहक पानाच्या माथ्यावरच अडकतो.