मॅपिक्समधील प्रोग्राम आणि फाइलींचे धागे: आयबीएम आयच्या अंगभूत कमांडा काही महिने वापरल्यानंतर

उत्पादन नियोजनाचे जुने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो: या फाइलला हात लावला, तर कुठले कुठले प्रोग्राम अडतील? पुण्यात बसून एका अमेरिकी कारखान्याच्या मॅपिक्स प्रणालीची देखभाल करणाऱ्या गटात मी काम करतो. मॅपिक्स हे कारखान्याच्या उत्पादन नियोजनाचे सॉफ्टवेअर मुळात आयबीएमचे. पुढे ते मारकॅमकडे गेले, नंतर मॅपिक्स याच नावाच्या स्वतंत्र कंपनीकडे आणि २००५ मध्ये इन्फॉरकडे आले. आज ते इन्फॉर एक्सए म्हणून ओळखले जाते. आतल्या फाइलींची नावे मात्र जुन्या लोकांच्या तोंडी बसलेलीच आहेत: गोदामनिहाय साठ्याची आयटीईएमबीएल, उत्पादन आदेशांची एमओमास्ट, साठ्याच्या व्यवहारांच्या इतिहासाची आयएमहिस्ट. या फाइलींभोवती कारखान्याने वर्षानुवर्षे लिहून घेतलेले आरपीजी आणि सीएल या आयबीएमच्या भाषांमधले प्रोग्राम आहेत, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

अशा शोधासाठी विकत मिळणारी साधने आहेत. आम्ही मात्र आयबीएम आय या कार्यप्रणालीसोबतच येणाऱ्या दोन कमांडांवर काम भागवायचे ठरवले. डीएसपीपीजीएमआरईएफ ही कमांड प्रोग्राम कुठल्या फाइली, डेटा एरिया (छोटी मूल्ये ठेवण्याच्या जागा) आणि इतर प्रोग्राम वापरतो हे सांगते, तर डीएसपीडीबीआर एखाद्या फिजिकल फाइलवर (जिच्यात प्रत्यक्ष माहिती असते) कुठल्या लॉजिकल फाइली (त्याच माहितीच्या वेगळ्या क्रमाच्या किंवा निवडीच्या मांडण्या) उभ्या आहेत हे दाखवते. दोन्हींचे उत्तर पडद्यावर पाहण्यात फारसा अर्थ नाही; ते आउटफाइलमध्ये, म्हणजे उत्तर साठवणाऱ्या फाइलमध्ये घेतले, की त्यावर एसक्यूएल ही माहिती शोधण्याची भाषा चालवता येते आणि मगच या कमांडांची खरी किंमत कळते. आमच्याकडे आठवड्यातून एकदा रात्रीच्या जॉबमध्ये सर्व लायब्ररींची (प्रोग्राम आणि फाइली ठेवण्याच्या कप्प्यांची) माहिती नव्याने भरली जाते. ज्या युजर प्रोफाइलने जॉब चालतो त्याला एखाद्या ऑब्जेक्टचा (प्रोग्राम, फाइल इत्यादींचा) अधिकार नसेल, तर तो ऑब्जेक्ट यादीत येत नाही, एवढे मात्र आधी तपासून घ्यावे.

या दोन कमांडा एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत, हे सुरुवातीला लक्षात येत नाही. आरपीजी प्रोग्राम बहुधा लॉजिकल फाइल उघडतो, म्हणून पहिल्या कमांडच्या यादीत त्या लॉजिकल फाइलचेच नाव येते आणि फिजिकल फाइलच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती अर्धेच प्रोग्राम लागतात. दोन्ही आउटफाइली जोडल्या, तरच ‘साठ्याच्या फाइलला स्पर्श करणारे सगळे’ अशी यादी तयार होते. फाइलमध्ये नवे फील्ड घालताना ही यादी अनिवार्य आहे, कारण रेकॉर्ड फॉरमॅटची, म्हणजे नोंदीच्या रचनेची, ओळख बदलली, की पुन्हा कंपाइल न केलेला प्रोग्राम फाइल उघडतानाच सीपीएफ४१३१ हा लेव्हल चेकचा (रचना जुळत नसल्याचा) संदेश देऊन थांबतो. असा प्रोग्राम दिवसा थांबला तर निदान कुणीतरी फोन करतो. रात्रीच्या एमआरपीच्या (साहित्याच्या गरजेच्या नियोजनाच्या) साखळीत थांबला, तर सकाळी नियोजकांच्या हाती जुन्याच शिफारशी पडतात.

वापराचा कोड हा या माहितीतला सर्वांत उपयोगी स्तंभ आहे. १ म्हणजे वाचन, २ म्हणजे लेखन, ४ म्हणजे बदल, आणि एकाहून अधिक वापर असतील तर त्यांची बेरीज. रात्रीच्या एमआरपीपूर्वी हाती असलेल्या साठ्याचा आकडा नेमके कोण बदलते, या प्रश्नावर बदलाचा कोड असलेले प्रोग्राम वेगळे काढले, की शोधाचा परिघ एकदम आवळतो. तरीही हा कोड फाइल कशी उघडली एवढेच सांगतो, प्रोग्रामने प्रत्यक्षात काय केले ते सांगत नाही. जुन्या आरपीजीत सवयीने बदलासाठी उघडलेल्या आणि पुढे केवळ वाचलेल्या फाइली भरपूर आढळतात. कुठले फील्ड बदलले, हे तर या कमांडांना ठाऊकच नसते. त्यासाठी एफएनडीएसटीआरपीडीएम या शोधाच्या कमांडने सोर्स धुंडाळण्याला पर्याय नाही.

यादी कुठे गप्प बसते, हे मला तिच्या उत्तरांइतकेच महत्त्वाचे वाटते. सीएल प्रोग्रामने व्हेरिएबलमधून कॉल केला असेल, तर यादीत प्रोग्रामऐवजी त्या व्हेरिएबलचेच नाव येते. आमच्या मेनूचे पर्याय एका फाइलमध्ये ठेवलेले असल्याने मेनूतून चालणारे कितीतरी प्रोग्राम यादीनुसार ‘कुणीच बोलावत नाही’ असे दिसतात. ती मेनू फाइल, जॉब शेड्युलमधील नोंदी आणि फाइलींवरील ट्रिगर (फाइल बदलताच आपोआप चालणारे प्रोग्राम) यांची माहिती त्याच तक्त्यात मिसळल्यावर हा दोष बराच कमी झाला. ओव्हीआरडीबीएफ ही कमांड वापरून प्रोग्राम चालताना एका फाइलऐवजी दुसरी जोडली जाते तिथे यादीतले नाव कागदोपत्री बरोबर आणि व्यवहारात चूक ठरते. महिनाअखेरीच्या अहवालांत हे विशेष जाणवले. डायनॅमिक, म्हणजे प्रोग्राम चालताना तयार होणाऱ्या, एसक्यूएलच्या मजकुरातील टेबले तर दिसतच नाहीत. सर्व्हिस प्रोग्राममार्फत (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायच्या प्रोग्राममार्फत) फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामसमोर त्या सर्व्हिस प्रोग्रामचे नाव येते, फाइलचे येत नाही, म्हणून एका पायरीवर न थांबता रिकर्सिव्ह, म्हणजे पायरीपायरीने पुन्हा शोधणाऱ्या, एसक्यूएलने साखळी शेवटपर्यंत उलगडावी लागते.

एक सोय मात्र अनपेक्षितपणे कामी आली. डीएसपीपीजीएमआरईएफ क्वेरीच्या व्याख्याही तपासते, त्यामुळे लेखा आणि खरेदी विभागांतील लोकांनी परस्पर बनवून ठेवलेल्या क्वेरी कुठल्या फाइलींवर अवलंबून आहेत हे कुणाला न विचारता समजले. (विचारून समजले असते, यावर माझा फारसा विश्वास नाही.)

निरुपयोगी प्रोग्राम काढून टाकण्यासाठी केवळ या यादीवर विसंबू नये. आम्ही ऑब्जेक्टच्या शेवटच्या वापराची तारीखही सोबत पाहतो, पण वार्षिक साठामोजणीचा प्रोग्राम वर्षातून एकदाच चालत असल्याने ती तारीखही फसवी ठरू शकते. म्हणून संशयित प्रोग्राम आधी वेगळ्या लायब्ररीत हलवले जातात आणि वर्षअखेर पार पडेपर्यंत तिथेच राहतात. बहुतांश काम जुन्या आरपीजी आणि सीएलमध्ये असलेल्या गटाला या दोन कमांडा आणि थोडे एसक्यूएल पुरेसे आहे, असे माझे मत झाले आहे. ज्यांच्याकडे आयएलई मॉड्यूल (जोडून प्रोग्राम बनवायचे सुटे भाग) आणि एम्बेडेड, म्हणजे प्रोग्राममध्येच लिहिलेले, एसक्यूएल यांचे प्रमाण मोठे आहे, किंवा ज्यांना फील्डच्या पातळीवर उत्तर हवे आहे, त्यांनी विकतच्या साधनाची चाचणी स्वतःच्या लायब्ररींवर घ्यावी आणि त्यात व्हेरिएबलमधून होणारे कॉल ते कसे हाताळते हे सर्वांत आधी पाहावे.