कॅनव्हात सवयींचा तक्ता: फुकटात भागतं, माप तेवढं जपा

रोजच्या सवयी पाळल्या की चौकोन रंगवायचा, असा महिन्याचा तक्ता करायला कॅनव्हा या डिझाइनच्या वेबसाइटची मोफत आवृत्ती पुरते. रेडीमेड टेम्प्लेटच्या नादी लागू नका. त्यांच्या बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरीच नसते. कस्टम साइजमध्ये 297 × 210 मिमी, म्हणजे आडवा ए-फोर घ्या. ‘अजिंक्यतारा चढणे’ वगैरे सवयींच्या नावांना डावीकडे 45 मिमी, पुढे दिवसाला एक असे 7 मिमीचे 31 चौकोन. एकूण 262, समासाला जागा उरते. चौकोन 5 मिमीचे केलेत तर स्केचपेनचा रंग शेजारच्या दिवसात जातो. मराठीला मुक्ता फॉन्ट उत्तम, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. फिकट राखाडी रेघा स्क्रीनवर देखण्या, झेरॉक्समध्ये गायब! ‘पीडीएफ प्रिंट’ डाउनलोड करा आणि साताऱ्यात कुठेही प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ नको, आकार शंभर टक्के ठेवायला सांगा. नाहीतर चौकोन आकसतात.