दोन-तीन डिव्हाइस, डेटा एकच: क्लाउड, सिंकथिंग की नॅस?

लॅपटॉप, डेस्कटॉप, फोन सगळीकडे त्याच फाइल हव्या असतील तर जीबी मोजत बसण्याआधी एकच बघा, तुमची मशीन्स एका वेळी चालू असतात का, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते.

नसतात? मग सरळ क्लाउड. फाइल सर्व्हरवर असते त्यामुळे लॅपटॉप बंद असला तरी फोनवर उघडते. फुकटात गूगल ड्राइव्ह १५ जीबी देतं (जीमेल आणि फोटोपण त्यातच मोजतात बरं का), वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५-५ जीबी, ड्रॉपबॉक्स फक्त २ आणि वर फुकट खात्याला ३ च डिव्हाइस. सगळी डिव्हाइस अ‍ॅपलची असतील तर आयक्लाउड मस्त, पण मधे एक अँड्रॉइड फोन आला की त्याला आयक्लाउड ड्राइव्हचं अ‍ॅपच नाही, बसा ब्राउझर उघडून. लिनक्सवाल्यांचं उलटं, गूगल ड्राइव्हचं अधिकृत अ‍ॅप नाही, ड्रॉपबॉक्सचं आहे.

मशीन्स एका वेळी चालू असतात? मग सिंकथिंग नावाचा प्रोग्राम, मला स्वतःला तोच जास्त आवडतो. फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), फाइल थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते, जागेची मर्यादा फक्त तुमच्या डिस्कची, आणि दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील तर मोठे व्हिडिओ इंटरनेटला हात न लावता जातात. पण दोन्ही चालू पाहिजेत!! डेस्कटॉप बंद करून मग लॅपटॉप उघडलात तर मघाचं काम त्यात नसणार, तुम्ही जुन्याच फाइलवर काम करणार आणि नंतर दोन्ही भेटले की एकाच फाइलच्या दोन कॉप्या, त्या हाताने जुळवत बसा. आयफोनसाठी अधिकृत अ‍ॅप नाही, अँड्रॉइडचंही २०२४ मधे बंद झालं, आता लोक त्याचे फोर्क, म्हणजे त्याच्याच कोडवरून दुसऱ्यांनी बनवलेली अ‍ॅप, वापरतात.

नॅस म्हणजे घरातलाच कायम चालू सर्व्हर. महाग, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, सेटअपला वेळ जातो, दोन लॅपटॉपसाठी मी तरी घेणार नाही. टीबीमधे डेटा असेल किंवा घरातले चारपाच जण वापरणार असतील तरच बघा. त्यावर सिंकथिंग टाकलं की वरची चालू-बंदची कटकट मात्र संपते.

यातलं काहीही घ्या, सिंक म्हणजे बॅकअप नाही, एकीकडे डिलीट केलं की सगळीकडून जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधे ३० दिवस तरी मिळतात, सिंकथिंगमधे जुन्या कॉप्या ठेवायचं सेटिंग मुळात बंदच असतं, ते पहिल्या दिवशीच चालू करा.