आईच्या घरासाठी दिलेले चार लाख चौदा हजार

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि म्हसळा तालुक्यातल्या आमच्या घराची कौलं, वासे, सगळं गेलं. मागची पोफळीची बाग झोपली. आई तेव्हापासून माझ्याकडे डोंबिवलीला आहे. तिचं एकच म्हणणं होतं, मोठं घर नको, एक खोली, एक मोरी आणि पुढे बसायला पडवी असली की पुरे. तेवढ्यासाठी आम्ही जे पैसे घातले आणि घालवले, ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असं छोटं तयार घर वाडीत ठेवायचं मनात असलेले बरेच जण मला माहीत आहेत.

मोबाइलवर जाहिरात दिसली. लोखंडी सांगाडा, पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, सोळा बाय वीस, म्हणजे तीनशे वीस चौरस फूट. दर फुटाला सोळाशे पन्नास, एकूण पाच लाख अठ्ठावीस हजार. माणूस बोलायला फार गोड. मला ताई, आईला काकू. ‘काकू, अक्षय्य तृतीयेला तुमच्या हातानं दूध उतू घालायचं’, असं त्यानं फोनवर आईला सांगितलं. आईचा विश्वास तिथेच बसला आणि खरं सांगायचं तर माझाही.

परवानगीचं विचारलं तर म्हणाला, ‘ताई, हे घर हलवता येतं. पक्कं बांधकाम नाही, त्यामुळे कुणाचीच परवानगी लागत नाही.’ हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. सातबाऱ्यावर आमच्या पाच जणांची नावं आहेत आणि जमीन शेतीची आहे. पुढे ग्रामसेवकांनी समजावलं की शेतजमिनीवर राहायला घर केलं की जमिनीचा वापर बदलला असं धरलं जाऊ शकतं, खाली चाकं असली काय किंवा नसली काय. आमच्या पडलेल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला होती, घरपट्टीही भरलेली होती. त्याच जुन्या जागेवर बांधायचा अर्ज आधी करायला हवा होता. (हा नमुना आठ आणि तलाठ्याकडचा आठ-अ हे वेगळे. पहिला घराचा, दुसरा जमिनीच्या खात्याचा. मीही दोन्ही एकच समजत होते.)

जानेवारी 2024 मध्ये निम्मे पैसे दिले, दोन लाख चौसष्ट हजार. बिलाशिवाय घेतलं तर अठरा टक्के जीएसटी वाचेल, असं म्हणून त्यानं ते स्वतःच्या भावाच्या खात्यावर मागितले. मी पाठवले. ही माझी चूक आहे आणि तिचा मला अजून त्रास होतो. मार्चमध्ये ‘तुमचं घर शेडमध्ये उभं राहिलं’ म्हणून सहा फोटो आले. निळी खिडकी, आत एक लाल खुर्ची. आईनं ते फोटो शेजारच्या बायकांना दाखवले. त्याच संध्याकाळी मी आणखी दीड लाख पाठवले. शेड कुठे आहे, येऊन बघू का, असं एकदाही विचारलं नाही.

गावातल्या गवंड्यानं तोपर्यंत चिऱ्याचं जोतं बांधून दिलं होतं. बासष्ट हजार लागले, पण काम असं की पाणी ओतलं तर सगळीकडून सारखं उतरतं.

एप्रिलच्या शेवटी टेम्पो आला. अकरा नळ्या, आठ पॅनल, बस. ड्रायव्हरनं त्या विकणाऱ्याला फोन लावून दिला, तो म्हणाला उरलेला माल मागून येतोय, तिसरा हप्ता आज टाका. माझा चुलत दादा गावातच असतो. तो म्हणाला, थांब, आधी माल बघू. म्हसळ्याहून ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं. दोन इंची चौकोनी नळी, जाडी दोन एमएम, असं ठरलं होतं. वीस फुटी नळी अठरा किलोच्या आसपास भरायला हवी. सुपारी जोखायच्या काट्यावर टाकली तर अकरा किलो आणि वर काही ग्रॅम. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, सव्वा एमएमसुद्धा नाही. लाल ऑक्साइडचा रंग इतका जाड फासला होता की नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं.

मग वायर न्यायला भोक पाडतात तसं एका पॅनलला ड्रिल लावलं. पफ पिवळसर असतो आणि त्याचा भुसा पडतो. इथे पांढरे थर्माकोलचे दाणे भसाभस बाहेर आले, ड्रिलला चिकटले, दादाच्या केसांत अडकले. आई जोत्यावर बसून ते बघत होती. ‘हे कोकणातल्या पावसात टिकेल का रे?’ एवढंच तिनं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

हप्ता दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

त्या रात्री भाचीनं पाच मिनिटांत जे केलं, ते मी जानेवारीत करायला हवं होतं. कोटेशनवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द, तीही आमच्या कोटेशनच्या आठ महिने आधी. हे कुणालाही फुकट बघता येतं. मग ते फोटो गूगल लेन्सला लावले. लाल खुर्चीचा फोटो दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याच्या पानावर निघाला.

पोलिसांनी अर्ज घेतला, पण ही दिवाणी बाब आहे म्हणाले. महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, गेले तर कळलं की आपल्याच जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं एकच घर त्यांच्याकडे येत नाही. शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, म्हणून ठाण्याला. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं फी लागली नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते, तेवढी लक्षात ठेवा. वकिलांनी विचारलं, जाडी कुठे लिहिली आहे? कोटेशनमध्ये नुसतं ‘हेवी क्वालिटी पाइप’. एका मेसेजमध्ये त्यानं ‘2 एमएम’ टाइप केलं होतं, त्यावर आमचं प्रकरण उभं आहे. तुम्ही नळीची जाडी, पॅनलच्या आत काय भरलंय, पॅनल किती एमएमचं, हे सगळं सहीच्या कागदावर घ्या. आणि हप्ता द्यायचा तो माल जागेवर येऊन मोजून झाल्यावरच. फोटो आला म्हणून नाही, तारीख आली म्हणूनही नाही.

तो माणूस आता दुसऱ्या नावानं जाहिरात करतोय. नंबर बदललाय, दर पंधराशे पन्नास केलाय, फोटो तेच आहेत, निळी खिडकी आणि आत लाल खुर्ची.