टू-पॅक पीयू, फणसाची गिटार आणि हार्डनरचा डबा

टू-पॅक पीयू म्हणजे दोन डब्यांतून येणारं पॉलियुरेथेनचं पॉलिश. त्यातल्या हार्डनरचा, म्हणजे पॉलिश कडक करणाऱ्या द्रवाचा, डबा आज फेकून दिला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता आणि आतला माल खरवसासारखा थिजलेला. रोख पैसे मोजून आणलेली वस्तू अशी वाया गेली की जीव जळतो.

गिटार घरीच केली. बॉडी फणसाची, नेक सागाचा. तंजावरची वीणासुद्धा फणसाच्याच लाकडाची होते, त्यामुळे लाकडाची चिंता नव्हती. चिंता होती ती वेंगुर्ल्याच्या पावसाची. नायट्रो लॅकर (थिनर उडून वाळणारं पॉलिश) जुन्या अमेरिकन गिटारींवर असायचं म्हणून त्याचं फार कौतुक होतं, पण दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि लॅकर पांढरं पडतं. चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, दिसायला देखणी, पण घामाच्या हाताखाली नेकवर टिकत नाही. म्हणून पीयू घेतलं आणि पाऊस लागायच्या आत, कोरड्या दिवसांत मारून घेतलं.

पॉलिश म्हणून माल अव्वल आहे. अख्ख्या पावसाळ्यात बॉडीवर ना पांढरा डाग, ना बुरशी. खालचं पिवळं लाकूड हळूहळू तांबूस होत चाललंय, तेही छान दिसतं.

नेकबद्दल मात्र सुरुवातीला मी चिडून होतो. ग्लॉस कोटवर घामाचा अंगठा चिकटायचा, वरच्या फ्रेटकडे हात सरकेचना. मग मागची बाजू हजार नंबरच्या वॉटर पेपरने हलकी घासली, त्यावर राखाडी स्कॉच-ब्राइट फिरवलं. आता हात अलगद सरकतो, तक्रार मागे घेतो. स्टील वूल मात्र वापरू नका. त्याचे बारीक तुकडे पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाला चिकटतात आणि खाऱ्या हवेत गंजतात.

आता डबा. हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल घट्ट होत जातो. हे बनवणाऱ्याला माहीत असणारच. तरी डबा दाबून बसवायच्या झाकणाचा. ओतताना कडेच्या खाचेत माल साचतो, वाळतो, आणि मग झाकण नीट बसतच नाही. त्यात सगळ्यात लहान पॅक एक लिटरचा, आणि एका गिटारला त्याचा चौथा हिस्साही पुरतो. गणपतीत वाजवताना पट्ट्याच्या बक्कलने बॉडीला ओरखडा गेला, दुरुस्तीला डबा उघडला तर हे ध्यान. कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर आलं, "लेबलवर हवाबंद ठेवा असं लिहिलंय." अहो, पण हवाबंद होईल असं झाकण तरी द्या!

घेणाऱ्यांनी एक करावं. डबा फोडला त्याच दिवशी उरलेला हार्डनर लहान कोरड्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा, म्हणजे वर हवा उरत नाही. ओल लागलेला माल मात्र बाटलीत कोंडू नये, गॅसने बाटली फुटू शकते. स्प्रे करणार असाल तर ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क हवाच, साध्या धुळीच्या मास्कने भागत नाही. आयसोसायनेटने दमा जडतो.

दुसरी बॉडी तयार आहे आणि तिलाही पीयूच मारायचंय. कुडाळ-सावंतवाडीकडे पाव लिटरचा पॅक कुठे मिळत असेल तर दुकान सांगा, स्वतः येऊन घेऊन जाईन.