जेएमएफसीच्या शिकवणीचे अकरा महिने: कोल्हापुरातील एका वर्गाचा अनुभव

जिल्हा न्यायालयातील वकिलीला तीन वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदाच्या, म्हणजे बार रूममध्ये सगळे ज्याला नुसते ‘जेएमएफसी’ म्हणतात त्या परीक्षेसाठी शहरातील एका खासगी वर्गात नाव घातले. शुल्क 42 हजार रुपये, दोन हप्त्यांत. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेनऊ, शिवाय रविवारी सकाळी तीन तास. पुढे काही तक्रारीही मांडणार असल्याने वर्गाचे नाव येथे देत नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून सुटून, ऑफिसात उद्याच्या तारखांची बोर्ड-डायरी लावून सातला वर्गात पोहोचणे ज्यांना जमणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

या परीक्षेकडे कोल्हापुरातील तरुण वकिलांचा ओढा अलीकडे वाढला आहे आणि त्याची दोन कारणे मला दिसतात. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, म्हणजे नुकतेच पदवीधर झालेले स्पर्धेत राहिले नाहीत. दुसरे असे की, चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीनंतर ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) येथे सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत चालू लागली. पूर्वी अपिलाच्या एका तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठणारे वकील आता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आपल्याच गावात पाहतात. न्यायाधीश होणे ही लांबची गोष्ट राहिलेली नाही, असे अनेकांना वाटू लागले असावे. मलाही वाटले.

वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे रविवारचे तीन तास. ते एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश घेतात आणि त्यांना सगळे ‘साहेब’च म्हणतात. पहिल्या रविवारी त्यांनी एकही कलम शिकवले नाही. फळ्यावर न्यायाधीशाच्या नोकरीची शिडी काढली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 234 प्रमाणे कनिष्ठ स्तरावरील नेमणूक राज्यपाल करतात, ती लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक अनुच्छेद 233 खाली होते आणि तेथे लोकसेवा आयोग नसतो, उच्च न्यायालयाचा शब्द चालतो. एकदा रुजू झाल्यावर बदली, बढती, रजा, शिस्त हे सगळे अनुच्छेद 235 मुळे उच्च न्यायालयाच्या हाती. तालुक्याच्या गावी सुरुवात करून वरिष्ठ स्तरावर आणि तेथून जिल्हा न्यायाधीशपदापर्यंत पोहोचण्यात माणसाची निम्मी नोकरी जाते, हे त्यांनी स्वतःच्या बदल्यांची यादी सांगून पटवले. ती यादी ऐकताना वर्गातील दोघांनी वह्या मिटल्या, असे मला स्पष्ट आठवते.

जिल्हा न्यायाधीशपदाच्या वाटा त्यांनी जितक्या बारकाईने समजावल्या, तितक्या मी कॉलेजातही ऐकल्या नव्हत्या. सेवाज्येष्ठता व गुणवत्तेवर मिळणारी बढती ही पहिली वाट. सेवेतील न्यायाधीशांसाठीची मर्यादित विभागीय परीक्षा ही दुसरी, जिचा पदांतील वाटा 2010 च्या निकालाने 25 टक्क्यांवरून 10 टक्के झाला होता आणि मे 2025 च्या त्याच निकालाने पुन्हा 25 टक्के झाला. आणि तिसरी वाट वकिलांमधून होणाऱ्या थेट भरतीची. या तिसऱ्या वाटेवर सात वर्षांच्या वकिलीची अट आहे, आणि जो आधीच कनिष्ठ न्यायाधीश झाला त्याला 2020 च्या निकालाने तेथे मज्जाव होता. 9 ऑक्टोबर 2025 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मज्जाव उठवला आणि वकिली व न्यायाधीशपद मिळून सात वर्षे भरत असतील, तर सेवेतील उमेदवारही पात्र ठरवला. किमान वय मात्र 35. हा निकाल आला त्याच आठवड्यातील रविवारी साहेबांनी ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्हाला तो समजावून सांगितला.

अमेरिकेतील न्यायाधीशांचा विषय असाच एका प्रश्नातून निघाला. गुगलची इंटरनेट शोधातील मक्तेदारी बेकायदेशीर असल्याचा निकाल ऑगस्ट 2024 मध्ये देणारे अमित मेहता हे तेथील ‘जिल्हा न्यायाधीश’ आहेत, मग ते आपल्या जिल्हा न्यायाधीशासारखेच का, असे एकाने विचारले. साहेबांनी मेहतांचीच कारकीर्द उदाहरणादाखल घेतली. गुजरातेतील पाटण येथे जन्म, लहानपणीच अमेरिकेत स्थलांतर, पदवीनंतर खासगी वकिली, अपील न्यायालयातील एका न्यायाधीशांच्या हाताखाली उमेदवारी, मग पुन्हा खासगी वकिली आणि काही वर्षे गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या सरकारी यंत्रणेत काम. 2014 मध्ये ओबामांनी नामनिर्देशन केले आणि त्याच वर्षी सिनेटने संमती दिली. परीक्षा कोठेही नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, तपास यंत्रणा पार्श्वभूमी धुंडाळते, सिनेटची न्यायिक समिती उमेदवाराला समोर बसवून उघड प्रश्न विचारते आणि शेवटी सभागृहात साध्या बहुमताने मतदान होते. त्या राज्याच्या सिनेटरांनी संमतीची ‘निळी चिठ्ठी’ (ब्लू स्लिप) परत पाठवली नाही, तर नाव समितीतच अडकते. संघराज्यीय न्यायाधीशासाठी वयाची किंवा कायद्याच्या पदवीची अट तेथील राज्यघटनेत नाही, आणि नेमणूक तहहयात. महाभियोगाशिवाय काढता येत नाही. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो.

माझे मत असे की, राधानगरीच्या शेतकऱ्याचा मुलगा कोणत्याही आमदार-खासदाराला न ओळखता केवळ उत्तरपत्रिकेच्या बळावर न्यायासनावर बसू शकतो, ही आपल्या पद्धतीची फार मोठी बाजू आहे. मात्र तेथे खुर्चीवर बसणारा माणूस बहुधा पंधरा-वीस वर्षे न्यायालयात उभा राहिलेला असतो, आणि आपल्याकडे ठरावीक गुणांच्या अटीवर पदवी हातात पडताच परीक्षा देणाराही काल-परवापर्यंत पात्र होता. पहिलीच उलटतपासणी न्यायाधीश म्हणून पाहणाऱ्याची अडचण काय होते, हे वकिलांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच रविवारच्या वर्गातील निकालपत्र लिहिण्याचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटला: खऱ्या दाव्यातील नावे बदलून वादपत्र आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) हाती द्यायची, त्यावरून मुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे प्रश्न काढायचे, निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, आदेश लिहायचा आणि तो साहेबांनी लाल शाईने रंगवून परत द्यायचा. मी काढलेल्या सात मुद्द्यांपैकी तीन त्यांनी ‘हा मुद्दा नव्हे, पुरावा आहे’ असे लिहून खोडले होते.

आठवड्याच्या इतर दिवसांबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. पूर्वपरीक्षा 100 गुणांची वस्तुनिष्ठ, मुख्य परीक्षा दोन पेपरांची 200 गुणांची, मुलाखत 50 गुणांची. त्यातील फौजदारी भागाच्या नोट्स वर्गाने जुन्याच वाटल्या. 1 जुलै 2024 पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले, खुनाचे कलम 302 आता भारतीय न्याय संहितेचे 103 झाले, आरोपीचा जबाब 313 ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या 351 खाली होतो. पण नोट्समध्ये जुने आकडे आणि सोबत तुलनात्मक तक्त्याची झेरॉक्स स्टेपल केलेली. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुना दंडविधान लागू असल्याने दोन्ही आकडे यायलाच हवेत, असे समर्थन मिळाले. ते चूक नाही, परंतु नव्या कायद्यांत जी तरतूद मुळातूनच नवी आहे, ती तक्त्यात सापडत नाही.

मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्यांची तर उपेक्षाच होती. सगळे साहित्य इंग्रजीत, आणि ‘रेस ज्युडिकाटा’ला प्राङ्न्याय म्हणतात एवढे सांगण्यापलीकडे परिभाषेवर कोणी वेळ दिला नाही. मुख्य परीक्षेच्या सराव पेपरांचे गुण सहा आठवड्यांनी मिळाले. अभिरूप मुलाखत बारा मिनिटांत आटोपली. मंडळात साहेब नव्हतेच, आणि ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या खटल्यात तुम्ही वेगळा निकाल दिला असता का’ अशा जातीचा एकही प्रश्न आला नाही.

ज्यांच्या हाताशी वकिलीचा अनुभव आहे, त्यांनी केवळ रविवारचा वर्ग घ्यावा, असे मी सुचवेन. त्याचे वेगळे शुल्क 15 हजार रुपये आहे, फलकावर लिहिलेले नसते, विचारल्यावर सांगतात. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी आधी एखाद्या सिनिअरकडे बसून रोजनामा (प्रकरणातील प्रत्येक तारखेच्या कामाची नोंद) वाचायला शिकावे. पूर्ण वर्गाला नाव घालायचेच असेल, तर पहिला हप्ता भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: नोट्स कोणत्या वर्षाच्या आहेत, आणि वर्षभरात किती रविवार साहेब स्वतः येणार आहेत. आमच्या तुकडीला ते सव्वीस रविवार लाभले. उरलेल्या रविवारी त्यांची जुनी चित्रफीत लावली जात असे.